ढोबळ किती आणि निव्वळ किती?



हंगाम सुरू झाला की आपल्या कोल्हापूर भागात पारावर, चहाच्या टपरीवर, विकास सोसायटीच्या पायरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा टनाला किती?" प्रश्न बरोबरच आहे. ऊस पिकवणाऱ्याने दर विचारायचा नाही तर काय विचारायचे? पण आम्हां शेतकी खात्याच्या माणसांना शिवारात फिरताना वाटत राहते, की या प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून दुसरा प्रश्न यायला हवा आणि तो काही येत नाही. तो प्रश्न म्हणजे, "सगळं वजा जाता हातात किती?" आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आपल्या कारखान्याच्या आवारात ‘नेट’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो, आणि दर वेळी अर्थ निराळा. रोपवाटिकेत गेलात तर नेट म्हणजे हिरवी जाळी. निम्मे ऊन अडवायचे आणि निम्मे आत सोडायचे हे तिचे काम. तिच्याखाली एक डोळ्याची रोपे महिना-सव्वा महिन्यात लागणीला येतात. फडात गेलात तर मुकादम ओरडतो, "नेट लावा रं!" हा आपला मराठी नेट, म्हणजे जोर. आणि काट्यावर आलात तर पावतीवर छापलेले असते नेट वजन, म्हणजे भरगाडीतून रिकामी गाडी वजा करून राहिलेले उसाचे वजन.

जाळीचा नेट आणि वजनाचा नेट इंग्रजीत लिहायला सारखे दिसले, तरी मुळात ते दोन वेगळे शब्द. वजनाचा नेट इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वच्छ’. आपला ‘निव्वळ’ हा शब्दही तसाच. गढूळ पाणी घागरीत ठेवले की गाळ तळाला बसतो आणि वरचे पाणी निवळते. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचे पाणी टाकून मळी काढतात, तेव्हा कुठे रस निवळतो. मळीसकट रसाचे वजन धरून कोणी गुळाचा अंदाज बांधत नाही. मग आपण मळीसकट पैशाचा अंदाज का बांधतो?

वजावट ही काही नवी गोष्ट नव्हे

हिशेबातली ही वजावजी आपल्या भागाला नवी नाही. पैऱ्याने भांगलण करणाऱ्या बायका कुठल्या शाळेत हिशेब शिकल्या? पण "तुझ्या रानात माझे चार दिवस, माझ्या रानात तुझे तीन, एक दिवस फिटायचा राहिला" हे त्यांच्या तोंडावर असते. सात दिवसांची मजुरी कोणी कोणाला देत नाही. दोन्ही बाजू एकमेकींत वजा करायच्या आणि उरलेला एक दिवस तेवढा फेडायचा. मोठमोठ्या बँका रोज एकमेकींचे चेक वटवताना हेच करतात. सगळी देणीघेणी समोरासमोर मांडायची आणि फक्त फरकाची रक्कम द्यायची.

दुधाचे तेच. गोकुळ संघ १९६३ साली सुरू झाला तेव्हापासून जिल्ह्यातल्या घराघरांत दुधाचे बिल येते. दहा दिवसांचे दूध किती, फॅट किती, दर किती, त्यातून पशुखाद्याचे पोते वजा, उरले किती, हे घरातल्या कारभारणीला पाठ असते. तिला कोणी विचारले, "म्हैस परवडती का?" तर ती लिटरचा दर सांगत नाही. ती सांगते, "पोत्याचं पैसं जाऊन एवढं राहत्यात." आमच्या मते जिल्ह्यातला सर्वांत चोख हिशेबनीस ही बाई आहे.

गुळाच्या पट्टीचेही तसेच. शाहूपुरीतल्या, मार्केट यार्डातल्या अडत दुकानातून येणारी पट्टी जुन्या माणसांना ठाऊक आहे. रवे किती, वजन किती, भाव किती, आणि खाली एकेका ओळीत हमाली, तोलाई आणि इतर खर्च. शेवटी ‘खर्च वजा जाता’ असे लिहून एक आकडा. शेतकरी घरी आला की तो शेवटचा आकडाच घरात सांगायचा.

मग दुधात आणि गुळात एवढा चोख असलेला आपला सभासद उसाच्या बाबतीत वरच्या आकड्यावरच का थांबतो? एक कारण असे, की दूध दहा दिवसांत हिशेबाला येते आणि ऊस बारा ते अठरा महिन्यांनी. दीड वर्षापूर्वी टाकलेल्या खताच्या पोत्याची आठवण बिल हातात येईपर्यंत राहत नाही. दुसरे कारण आमच्याकडे, म्हणजे कारखान्यांकडे आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

दराचा हिशेब

प्रथम दर घेऊ. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली २००९ पासून ही पद्धत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये धरले, आणि पुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा १२.२५ टक्के आहे. मूळ उताऱ्यापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ०.१ चे वीस टप्पे. २० गुणिले ३.४६ म्हणजे ६९ रुपये २० पैसे. एकूण झाले क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे, टनाला ४,२४२ रुपये. हा झाला ढोबळ दर.

पण हा दर कारखान्याच्या दारातला. आपल्याकडे ऊस तोडून दारात आणण्याचे काम सभासद स्वतः करत नाही, कारखाना टोळी आणि गाडी देऊन करतो. म्हणून तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. उदाहरणापुरते हा खर्च टनाला ९०० रुपये धरा. ४,२४२ मधून ९०० गेले, राहिले ३,३४२. सभासदाच्या घराशी ज्याचा संबंध आहे तो आकडा हा. सभेत मात्र आपण वरच्या आकड्यावर दोन तास भांडतो आणि मधल्या ९०० वर दोन मिनिटेही बोलत नाही. हा खर्च सरासरीने धरला जात असेल तर लांबच्या उसाचे भाडे जवळचा सभासदही उचलतो. टोळ्यांना दिलेली उचल बुडाली तर त्याचा बोजा कुठे पडतो? गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या तर त्याचे पैसे कोण देतो? हे प्रश्न सभासदाने विचारले पाहिजेत. तोडणी-वाहतुकीत टनामागे पन्नास रुपये वाचले, तर ते दर पन्नास रुपयांनी वाढल्यासारखेच आहे.

पैसे कधी मिळतात हाही निव्वळचाच भाग. आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला होता. माजी खासदार राजू शेट्टी यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी तो रद्द ठरवला. त्यातले राजकारण बाजूला ठेवा. हिशेबाच्या दृष्टीने बघितले तरी तुकड्यातुकड्याने आलेल्या पैशाचा निव्वळ कोणालाच लागत नाही. पहिला हप्ता लग्नात जातो, दुसरा औषधात, आणि वर्षाअखेर आपण म्हणतो, "ऊस घालून काय मिळालं?"

दोन वजावटी, दोन जाती

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. इथे पुष्कळ शहाणीसुरती माणसेही फसतात. बिलातून होणाऱ्या वजावटी दोन जातींच्या असतात. एक खर्चाची आणि एक देण्याची. तोडणी-वाहतूक हा खर्च. तो गेला तो गेला. पण सोसायटीच्या पीककर्जाचा वसूल हा खर्च नव्हे. ते पैसे तुम्ही आधीच उचलले होते आणि त्यातूनच खते, बियाणे, नांगरट केली होती. "बिलात काहीच राहिलं न्हाई, सगळं सोसायटीनं कापून घेतलं" असे म्हणणारा सभासद खताचेही पैसे खर्चात धरतो आणि त्याच खतासाठी काढलेले कर्जही खर्चात धरतो. एकच माप दोनदा मोजले की पीक तोट्यात दिसणारच. खर्चात धरायचे ते फक्त व्याज. उलटही होते. ज्याने कर्ज काढले नाही, त्याच्या हातात बिल जड येते आणि त्याला वाटते आपण फार मिळवले. पण घातलेली खते त्याने घरच्या पैशातून आणलेली असतात. तो दुधाच्या पैशाने ऊस पोसतो आणि श्रेय उसाला देतो.

आमची सूचना साधी आहे. वहीची दोन पाने करा. एका पानावर पिकाचा हिशेब, म्हणजे काय घातले आणि काय आले. दुसऱ्या पानावर देण्याघेण्याचा हिशेब, म्हणजे कोणाचे किती उचलले आणि किती फेडले. पहिल्या पानावरून ऊस परवडतो की नाही ते कळते, दुसऱ्यावरून घर कसे चालले आहे ते कळते.

पहिल्या पानावर एक ओळ आवर्जून लिहा. ती कुठल्याच पावतीत नसते. ती म्हणजे खुशाली आणि एंट्री. टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री, जेवणखाण वेगळे, वाढे गेले ते वेगळे. शेतकरी हे पैसे खिशातून देतो आणि विसरतो, कारण ऊस वेळेवर गेला पाहिजे ही त्याची अडचण असते. अडचणीत दिलेला पैसा हाही खर्चच आहे. आमचे स्पष्ट मत असे, की क्रमपाळीप्रमाणे ऊस तोडणे हा सभासदाचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती तक्रार गट ऑफिसात लेखी आली पाहिजे. पण तक्रार करायला आकडा लागतो. तो वहीत नसेल तर आम्ही कोणाला काय विचारणार?

टन मोठे की निव्वळ मोठा?

आता आमच्या स्वतःच्या कामाविषयी. ऊस विकासाचे काम म्हणजे टन वाढवणे अशी एक समजूत आहे. एकरी शंभर टनांची पाटी शिवारात लागली की फोटो निघतात, हार पडतात. त्या शेतकऱ्याच्या कष्टाला आमचा नमस्कार आहे. पण त्या पाटीखाली दुसरी पाटी लागायला हवी, शंभर टनांना खर्च किती आला याची. नेट लावून शेती करणे चांगलेच, पण नेट लावताना नेट किती राहतो तेही बघितले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. आडसाली लागण, एकरी ४५ टन, टनाला ३,३४२ प्रमाणे आले १,५०,३९० रुपये. खर्च ८५,००० धरा. राहिले ६५,३९०. रान अडकले १६ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ४,०८७ रुपये. आता खोडवा. एकरी ३५ टन, आले १,१६,९७० रुपये. मशागत नाही, बियाणे नाही, लागणीची मजुरी नाही, म्हणून खर्च ४८,००० धरा. राहिले ६८,९७०. रान अडकले १२ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ५,७४७ रुपये. दहा टन कमी येऊनही खोडवा पुढे गेला.

म्हणून आडसाली करू नका असे आमचे म्हणणे नाही. खोडवा चांगला यायला आधी लागण चांगली लागते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणणे एवढेच, की खोडवा म्हणजे फुकटचे पीक समजून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकले तर तेच खत होते, ओल टिकते, भांगलण वाचते. काडी लावली की त्यातल्या बऱ्याच गोष्टी धुरात जातात आणि नंतर पोत्याने विकत आणाव्या लागतात. हिशेबात ही काडी कुठेच दिसत नाही, पण निव्वळ ती खाते.

शेडनेटमधली रोपे घ्यावीत का, हेही याच मापाने ठरवा. साडेचार फूट सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकराला ४,८४० रोपे बसतात. रोपांना पैसे जातात. पण रोप रोपवाटिकेत वाढत असताना रान महिनाभर मोकळे राहते, नांग्या कमी पडतात, बेणे निवडून घेता येते. उशीर झालेल्या पूर्वहंगामी लागणीला किंवा पुरात लागण गेलेल्या रानाला रोप फायद्याचे. घरचे उत्तम बेणे, हातात वेळ आणि घरची माणसे असतील तर टिपरीची लागणही परवडते. शेजाऱ्याने केले म्हणून नव्हे, वजाबाकी करून ठरवा.

इथे कोणी विचारील, "साहेब, कारखान्याला तर टनच पाहिजेत. तुम्ही कारखान्याचं खाऊन हे कसं सांगता?" कारखान्याला टन पाहिजेत ही गोष्ट खरी आहे. पण आपल्या जिल्ह्यात कारखाने जवळजवळ आहेत, आणि उसाची नोंद कुठे करायची हे सभासद जाणतो. ज्याच्या हातात काही राहत नाही तो आज ना उद्या दुसरीकडे तरी जातो, नाहीतर ऊस तरी मोडतो. सभासदाचा निव्वळ राहिला तरच कारखान्याला टन मिळतील.

कारखान्याकडे मागणे

आता राहिलेले दुसरे कारण. वजावटीला आमचा विरोध नाही. टनामागे ठेवी कापूनच आपल्या भागात शाळा, दवाखाने, पूल उभे राहिले. वारणेच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या भोवती दूध, शिक्षण आणि बझार उभा केला, तो सभासदांनी एकत्र येऊन टाकलेल्या विश्वासावरच. पण विश्वासाला उजेड लागतो. बिलात ‘इतर’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे चार आकडी रक्कम असेल, तर सभासदाच्या मनात शंका येते, आणि ती शंका पुढे सभेत आरोप होऊन उभी राहते.

म्हणून कारखान्याच्या व्यवस्थापनापुढे आम्ही याच पत्रकातून चार गोष्टी मांडतो.

एक, काटापावतीवर भरगाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ वजन हे तिन्ही आकडे ठळक असावेत. पाला-पाचटाची वजावट असेल तर ती वेगळ्या ओळीत दिसावी. भरगाडी २४,८६० किलो, रिकामी ८,३४० किलो, तर ऊस १६,५२० किलो, हे सभासदाला तिथेच ताडून बघता आले पाहिजे. कोणी बाहेरच्या काट्यावर वजन करून आला तर त्याची गाडी अडवू नये. आपला काटा खरा असेल तर भीती कसली?

दोन, बिल मराठीत आणि एका पानावर असावे. खर्चाच्या वजावटी वर, देण्याच्या वजावटी खाली, आणि शेवटी निव्वळ रक्कम अक्षरी. ‘इतर’ ही ओळ नसावी.

तीन, कायद्याने किंवा सर्वसाधारण सभेने ठरलेली नाही अशी कोणतीही वजावट सभासदाच्या सहीशिवाय होऊ नये. बचत असो, वर्गणी असो, सही आधी, कपात नंतर.

चार, सोसायटीचे कापलेले पैसे सोसायटीत मुदतीच्या आत जमा व्हावेत. पीककर्ज मुदतीत फिटले तरच व्याजाची सवलत मिळते. कापले आमच्याकडे आणि पोचले उशिरा, तर सवलत सभासदाची बुडते. त्याची काहीही चूक नसताना त्याचा निव्वळ घटतो.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. थोडा कागद, थोडी शाई आणि पुष्कळ इच्छा लागते.

सभासदांनाही आमचे मागणे आहे. गेल्या गळिताचे बिल, सोसायटीचा उतारा आणि खताच्या पावत्या, जेवढ्या सापडतील तेवढ्या, घेऊन गट ऑफिसात या. आमचा माणूस बसून तुमच्यासमोर एका एकराचा निव्वळ काढून देईल. घरातल्या बाईमाणसाला सोबत आणा. दुधाचा हिशेब ज्या हाताने चालतो तो हात उसाच्या हिशेबालाही लागू द्या, कारण उसाच्या भांगलणीत निम्मे कष्ट तिचेच असतात आणि ते अजून कुठल्याच वहीत धरलेले नाहीत. बाहेरची बाई लावली असती तर तिला जी मजुरी दिली असती, ती घरच्या बाईच्या नावाने खर्चात लिहा. ती लिहिल्यावर निव्वळ घटला तर घटू द्या. खरा आकडा कळल्यावरच पुढच्या लागणीचा विचार नीट होईल.

यंदाच्या सभेत दराबद्दल जरूर बोला, जोराने बोला, तो तुमचा हक्कच आहे. पण बोलायला उभे राहताना खिशात स्वतःच्या एका एकराचा कागद असू द्या. चारशे सभासदांच्या खिशात असे चारशे कागद असले, तर त्या सभेत कोणाला गोलमाल उत्तर देता येणार नाही, आम्हालासुद्धा नाही.

जय सहकार!